दौऱ्यावरील गायक-वादकांचे आरोग्य : कलाकार, कुटुंबीय व आयोजक यांच्यासाठी मार्गदर्शन

आपल्या देशातील संगीत पूर्वापार प्रवास करीत आले आहे. दसऱ्यानंतर महाराष्ट्रातील तमाशाचे फड गावोगाव निघतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रा-जत्रा उरकल्यावरच घरी परततात. किनारी कर्नाटकातील यक्षगानाचे मेळे साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात रात्रीमागून रात्री खेळ करतात. बाडमेर-जैसलमेरचे मांगणियार व लंगा गायक, बंगालचे बाऊल, लग्नसराईतील बँडपथके, ढोल-ताशा पथके, कीर्तनकार आणि त्यांचे साथीदार या सर्वांचे जीवन असेच फिरतीचे असते. शास्त्रीय संगीताच्या कलाकारांसाठीही डिसेंबर-जानेवारी हा धावपळीचा काळ होय. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, चेन्नईचा मार्गळी महोत्सव आणि कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद ही सर्व याच काळात पाठोपाठ येतात.

या कलाकारांपैकी बहुतेकांना कार्यक्रम झाला तरच बिदागी मिळते. त्यामुळे ताप अंगावर काढणे, बसलेल्या गळ्याने गाणे आणि हाताला मुंग्या येत असतानाही वाजवीत राहणे हे नित्याचे झाले आहे. एका कार्यक्रमाची बिदागी वाचविण्यासाठी घेतलेला हा धोका काही वेळा पुढील सारी वर्षे हिरावून घेतो. तुटलेली तार बदलता येते. स्वरयंत्र आणि कान बदलून मिळत नाहीत. यातील पुष्कळसे नुकसान साध्या उपायांनी टाळता येते. ते उपाय आणि त्यांमागील कारणे या पत्रिकेत दिली आहेत.

१. निघण्यापूर्वीची तयारी

दौरा दोन आठवड्यांहून अधिक काळाचा असल्यास निघण्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब, रक्तातील साखर आणि दात यांची तपासणी करून घ्यावी. दातदुखी परगावी उद्भवल्यास गायक आणि फुंकून वाद्य वाजविणारे कलाकार या दोघांचेही काम थांबते.

नियमित औषधे चालू असतील तर दौऱ्याच्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा अधिक पुरेल इतका साठा बरोबर घ्यावा. औषधे मोठ्या सामानात न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ असावी आणि तीत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. असे केल्यास कोणत्याही राज्यातील जन औषधी केंद्रात तेच औषध मागता येते. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये. ते बर्फालाही थेट चिकटवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. हा लाभ योजनेत सहभागी असलेल्या राज्यांतील संलग्न रुग्णालयांत, आपल्या राज्याबाहेरही मिळतो. म्हणून योजनेचे कार्ड घरी कपाटात न ठेवता दौऱ्यावर बरोबर न्यावे.

परदेश दौरा असल्यास लसीकरणाची चौकशी लवकर करावी. आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील काही देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. ती केवळ अधिकृत केंद्रांवर मिळते आणि प्रवासापूर्वी किमान १० दिवस घ्यावी लागते.

२. गळ्याची निगा

स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरपट्टिका असतात. बोलताना पुरुषांमध्ये त्या सेकंदाला शंभराहून अधिक वेळा आणि स्त्रियांमध्ये सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. तार सप्तकात गाताना हा वेग कितीतरी पटींनी वाढतो. दोन-तीन तासांच्या मैफलीत या पट्टिका लाखो वेळा एकमेकींवर आदळतात. त्यांवरील ओलावा कमी झाला की घर्षण वाढते, सूज येते आणि आवाज बसतो.

पुष्कळ कलाकार मंचावर बसल्यानंतर घोट-घोट पाणी पितात. त्याने तोंडाची कोरड जाते, परंतु गिळलेले पाणी स्वरपट्टिकांना स्पर्श करीत नाही. ते अन्ननलिकेतून पोटात जाते. स्वरपट्टिकांना ओलावा मिळतो तो शरीरात मुरलेल्या पाण्यातून. म्हणून सायंकाळच्या कार्यक्रमासाठी सकाळपासूनच थोड्या-थोड्या वेळाने पाणी पीत राहावे. लघवीचा रंग फिकट असणे ही पुरेसे पाणी मिळत असल्याची सोपी खूण आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्लाच पाळावा.

पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

• रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात आणि विमानात हवा कोरडी असते. अशा प्रवासात मोठ्याने बोलणे टाळावे.
• वारंवार खाकरणे टाळावे. त्याने स्वरपट्टिका एकमेकींवर जोराने घासल्या जातात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे किंवा नुसता आवंढा गिळावा.
• गळा बसल्यावर कुजबुजत बोलणे हा विश्रांतीचा मार्ग नव्हे. जोर देऊन कुजबुजल्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. त्यापेक्षा मौन पाळावे.
• कार्यक्रमानंतर मध्यरात्री भरपेट तिखट जेवण घेऊन लगेच आडवे झाल्यास पोटातील आम्ल घशापर्यंत येते. सकाळी आवाज जड असणे व घशात काही अडकल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असू शकतात. मुख्य जेवण कार्यक्रमापूर्वी तीन तास घ्यावे आणि नंतर हलका आहार घ्यावा.
• तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट आणि मद्य यांमुळे आवाज खुलतो हा समज चुकीचा आहे. ही व्यसने घशाच्या कर्करोगास कारणीभूत ठरतात. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.
• गाण्यापूर्वी अंगदुखीसाठी अॅस्पिरिनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अशा गोळ्यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढते आणि ताणलेल्या स्वरपट्टिकेत रक्त साचू शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे डॉक्टरांनी हृदयविकारासाठी दिली असल्यास मात्र ती परस्पर बंद करू नयेत.
• गळा लवकर सुटावा म्हणून दुकानातून स्टेरॉइड किंवा प्रतिजैविके घेऊ नयेत. सर्दीने बसलेला आवाज बहुधा विषाणूंमुळे बसलेला असतो व त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. स्टेरॉइडने आवाज तात्पुरता सुटल्यासारखा वाटतो, पण सुजलेल्या पट्टिकांवर गाण्याचा भार पडतो आणि दुखापत वाढते.

गाता-गाता आवाज एकाएकी नाहीसा झाला तर गाणे तेथेच थांबवावे, पूर्ण मौन पाळावे आणि शक्य तितक्या लवकर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास स्वरयंत्राची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी. ती सरकारी आरोग्य संस्थांत विनामूल्य होते.

३. कानांचे रक्षण

आंतरकर्णात ध्वनी ग्रहण करणाऱ्या अतिशय सूक्ष्म केशपेशी असतात. एका कानात त्यांची संख्या सुमारे १५ हजार असते. मोठ्या आवाजाने नष्ट झालेली केशपेशी पुन्हा निर्माण होत नाही. हे नुकसान वेदनारहित असल्याने ते लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ध्वनीची पातळी ८५ डेसिबल असेल तर दिवसाला जास्तीत जास्त ८ तास हा सुरक्षित काळ मानला जातो. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. ढोल-ताशा, बँड आणि मोठे ध्वनिक्षेपक यांच्या निकट याहून अधिक पातळी सहज गाठली जाते. मापनाचे साधन नसल्यास एक सोपी कसोटी वापरावी. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या व्यक्तीशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज कानांस घातक आहे असे समजावे.

वादकांनी कानात योग्य बसणारे फोमचे किंवा संगीतकारांसाठी मिळणारे विशेष बोळे वापरावेत. विशेष बोळ्यांमुळे सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी होतात, त्यामुळे सुरांची ओळख बिघडत नाही. कापसाचा बोळा मात्र पुरेसे संरक्षण देत नाही. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर उभे राहू नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने कमी होते. मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढविण्याऐवजी प्रथम इतरांचा कमी करावयास सांगावे. कार्यक्रमानंतर प्रवासात हेडफोन लावू नयेत. कानांनाही विश्रांती हवी असते.

कार्यक्रमानंतर कानात शीळ किंवा गुंजन ऐकू येणे हा इशारा आहे. ते दुसऱ्या दिवशीही राहिल्यास तपासणी करावी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागल्यास मळ असेल असे समजून थांबू नये. तीन दिवसांच्या आत उपचार सुरू झाल्यास श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता अधिक असते.

४. हात, पाठ व गुडघे

प्रत्येक वाद्याचा भार शरीराच्या ठरावीक भागावर पडतो. तबला-पखवाज वाजविणाऱ्यांचे मनगट, भाता ओढणाऱ्या हार्मोनियमवादकाचा खांदा, बासरीवादकाची मान, सतारवादकाची बोटे व पाठ आणि ढोल वाहणाऱ्याची कंबर यांना वारंवार इजा होते. तासन्‌तास मांडी घालून बसल्याने गुडघेही आखडतात.

वादनापूर्वी पाच-दहा मिनिटे मनगटे, खांदे व मान हळुवार हलवून मोकळी करावीत आणि विलंबित लयीत सुरुवात करावी. रियाजात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. बैठकीखाली छोटी उशी किंवा घडी घातलेली सतरंजी घेतल्यास कंबर व गुडघ्यांवरील ताण कमी होतो. ढोलाचा पट्टा रुंद असावा. जड पेट्या उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे व दोघांनी मिळून उचलाव्यात.

अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत रात्री मुंग्या येऊन झोपमोड होणे हे मनगटातील शिरेवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. काहींच्या बाबतीत वेदना नसतानाही वाजविताना एखादे बोट आपोआप वळते आणि इतर कामे करताना तेच बोट व्यवस्थित चालते. हा सरावाचा अभाव नसून मज्जासंस्थेशी संबंधित विकार असू शकतो. अधिक रियाज करून तो बरा होत नाही, डॉक्टरांना दाखवावे.

५. अन्न, पाणी व स्वच्छता

परगावी गरम व ताजे अन्न निवडावे. बराच वेळ उघड्यावर ठेवलेले पदार्थ, कापलेली फळे, खात्री नसलेल्या पाण्याचा बर्फ आणि त्या पाण्याने केलेल्या चटण्या टाळाव्यात. पाणी उकळलेले किंवा सीलबंद असावे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत.

जुलाब सुरू होताच ओआरएस घ्यावे. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच ते पाण्यात मिसळावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. मीठ अधिक पडू देऊ नये. शौचातून रक्त पडणे, तीव्र ताप, सतत उलट्या किंवा लघवी न होणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालयात जावे.

फुंकून वाजविण्याची वाद्ये एकमेकांची वापरू नयेत. तसे करणे भाग असल्यास तोंडाकडील भाग स्वच्छ करून घ्यावा. ध्वनिग्राहकावरील स्पंजचे आवरण प्रत्येक गायकाचे वेगळे असावे.

६. हवामान व मंचावरील धोके

हिवाळ्यात उत्तर भारतातील अनेक शहरांची हवा धूर व धुके यांनी दूषित असते. दमा असणाऱ्यांनी श्वासाचे औषध जवळ बाळगावे, पहाटे बाहेर रियाज करू नये आणि प्रवासात मुखपट्टी वापरावी.

एप्रिल-मे महिन्यांतील वराती व जत्रांत जाड गणवेश घालून उन्हात वाजविणाऱ्यांना उष्माघाताचा धोका असतो. कातडी तापणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी विमानाने पोहोचल्यास पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी व त्या काळात कार्यक्रम ठेवू नये. विश्रांती घेऊनही धाप लागणे किंवा गोंधळल्यासारखे होणे ही तातडीची अवस्था आहे. रुग्णास खालच्या उंचीवर न्यावे.

ध्वनिग्राहकाला ओठ किंवा हात लागताच झिणझिण्या आल्यास ती किरकोळ बाब समजू नये. विद्युत जोडणीत दोष असल्याची ती खूण आहे. वीज बंद करून जोडणी तपासल्याखेरीज कार्यक्रम पुढे नेऊ नये. ओल्या मंचावर हा धोका प्राणघातक ठरतो.

७. झोप व रात्रीचा प्रवास

समजा, एका पथकाचा कार्यक्रम रात्री एक वाजता संपला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तीनशे किलोमीटरवर पुढचा कार्यक्रम आहे. मुक्काम केला तर खर्च वाढेल म्हणून सर्व जण लगेच निघतात. दिवसभर जागलेला चालक पहाटे चारच्या सुमारास गाडी चालवीत असतो आणि मागे वाद्यांच्या पेट्यांवर कलाकार झोपलेले असतात. दौऱ्यावरील जिवाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर निसर्गतः झोपेकडे ओढले जाते. चहा किंवा मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप टळत नाही. काही सेकंदांची डुलकीही अपघातास पुरेशी ठरते.

म्हणून कार्यक्रमाच्या रात्री मुक्काम करावा व त्याचा खर्च करारातच समाविष्ट करावा. ते शक्य नसल्यास कार्यक्रमाच्या वेळी झोप घेतलेला स्वतंत्र चालक असावा. कलाकाराने स्वतः गाडी चालवू नये. सर्वांनी सीटबेल्ट लावावा, मालवाहू टेम्पोत माणसे बसवू नयेत आणि वाद्ये घट्ट बांधावीत. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, हे चालकाने विशेष लक्षात घ्यावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि देशभर ११२ हे क्रमांक मदतीसाठी उपलब्ध आहेत. अपघातग्रस्तांस मदत करणाऱ्या सहृदय नागरिकास मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. मदत करण्यास कचरू नये.

रात्री जागरण झाल्यास दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोप घ्यावी. प्रौढ व्यक्तीस दररोज किमान सात तास झोप आवश्यक असते.

८. मनाचे आरोग्य

मंचावर हजारो श्रोत्यांसमोर उभा राहणारा कलाकार तासाभराने अनोळखी खोलीत एकटा असतो. कार्यक्रमानंतरची ही पोकळी, बिदागीची अनिश्चितता आणि घराची ओढ यांमुळे मन खचू शकते. झोप येण्यासाठी मद्याचा आधार घेतल्यास झोप अधिकच विस्कळीत होते. मंचभयासाठी छातीची धडधड कमी करणारी गोळी दुसऱ्याने दिली म्हणून घेऊ नये. दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकते.

दोन आठवडे सतत उदास वाटणे, कलेतील रस जाणे किंवा जीव नकोसा वाटणे ही उपचाराने बरी होणारी लक्षणे आहेत. टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, अनेक भारतीय भाषांत निःशुल्क समुपदेशन मिळते. सहकाऱ्याच्या बोलण्यात अशी चिन्हे दिसल्यास त्याला एकटे सोडू नये.

९. महिला कलाकारांसाठी

स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक महिला कलाकार दिवसभर पाणी कमी पितात व लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि गळाही कोरडा पडतो. लघवीस जळजळ, ताप किंवा कंबरेत दुखणे असल्यास तपासणी करावी. मासिक पाळीत पुरेसे सॅनिटरी पॅड बरोबर ठेवावेत. गर्भवती कलाकारांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवावे. छळ किंवा असुरक्षितता जाणवल्यास १८१ या महिला मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

१०. कुटुंबीयांनी व आयोजकांनी काय करावे

कुटुंबीयांनी कलाकाराचा रक्तगट, चालू औषधे, औषधांची वावडी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवावी. तिची एक प्रत पथकप्रमुखाकडे द्यावी. दूरध्वनीवर "कार्यक्रम कसा झाला?" याबरोबरच "जेवलात का, झोप झाली का, औषध घेतले का?" हेही विचारावे. परतल्यानंतर पहिले दोन दिवस पाहुणे व समारंभ टाळून विश्रांती मिळू द्यावी. दूरचित्रवाणीचा आवाज वाढवावा लागणे, बोलणे पुन्हा विचारणे किंवा आवाज बदलणे या गोष्टी बहुधा प्रथम घरच्यांच्याच लक्षात येतात. त्या दिसल्यास तपासणीचा आग्रह धरावा.

आयोजकांनी पिण्याचे स्वच्छ पाणी, कुलूप लागणारे स्वच्छतागृह, वेळेवर जेवण, सुरक्षित मुक्काम आणि प्रथमोपचार पेटी यांची सोय करावी. या सोयी कलाकारावर केलेले उपकार नसून कार्यक्रमाचाच भाग आहेत. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास कायद्याने बंदी आहे. राज्य शासन केवळ ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ही मर्यादा पाळल्यास कलाकार आणि शेजारी या दोघांचीही झोप सुरक्षित राहते. आजारी कलाकाराच्या जागी दुसरा कलाकार उभा करण्याची तरतूद करारात आधीच ठेवावी. बिदागी पूर्णतः बुडणार नाही अशी खात्री असली, तर कलाकार आजार लपविणार नाही.

विलंब न करता उपचार घ्यावा अशी लक्षणे

• गाताना आवाज अचानक जाणे
• एका कानाने अचानक ऐकू न येणे
• छातीत दाब किंवा वेदना, दरदरून घाम येणे
• तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
• उन्हात असताना असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे
• लांबच्या प्रवासानंतर एका पोटरीस सूज व वेदना, किंवा अचानक धाप लागणे

अशा वेळी "कार्यक्रम उरकून पाहू" असे म्हणू नये. डॉक्टर जवळ नसल्यास साध्या तक्रारींसाठी ई-संजीवनी सेवेद्वारे दूरस्थ सल्ला घेता येतो. वरील लक्षणांत मात्र थेट रुग्णालयातच जावे.

श्रोते कार्यक्रमाची पुढची तारीख स्वीकारू शकतात. ती तारीख पाळण्यासाठी कलाकार सुखरूप असणे आवश्यक आहे. ही पत्रिका वाचून झाल्यावर आपल्या परिचयातील गायक-वादकांना व पथकप्रमुखांना अवश्य द्यावी.